नवव्या मात्रेवरचा धा

"ही हातोडी आत जाणार नाही," सुभेदार लोंढे म्हणाले.

गुरव सरांनी हातातली तबल्याची पिशवी खाली ठेवली. "मग तबला सुरात कशानं लावू? डोकं आपटून?"

"ते मला नाही माहीत. लोखंडी वस्तू आहे. नियम आहे."

"मागचे दोन रविवार गेली की आत."

"मागचे दोन रविवार गेटवर मी नव्हतो."

सरांनी हातोडी त्यांच्यापुढे धरली. "मग तुम्हीच ठेवा. मी मागेन तेव्हा द्या, ठोकून झालं की परत घ्या. म्हणजे आजपासून तुम्हीही साथीला."

लोंढे हसले. हातोडी त्यांच्या पँटच्या खिशात गेली आणि आमच्यामागे दरवाजा लागला.

त्या वेळी मी एका दैनिकात गुन्हे आणि कोर्ट सांभाळत होतो. जिल्हा कारागृहात कैद्यांना शास्त्रीय संगीताची ओळख करून देणारा वर्ग सुरू झाला होता. संपादक म्हणाले, "रेडेकर, आठवडाभर तू नुसते मुडदे दिलेस. एवढं एक हलकंफुलकं दे." मी आनंदानं निघालो, कारण वर्ग घेणारे केदारनाथ गुरव माझे गुरू होते. कॉलेजात संगीत शिकवायचे. त्यांच्याकडे मी चार वर्षं तबला शिकलो होतो. हाताला आला नाही, कानात राहिला.

वर्ग भरायचा हातमागाच्या शेडमध्ये. माग भिंतीकडे सरकवून मध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. दोनेकशे कैदी दाटीवाटीनं बसले होते. समोर गुडघाभर उंचीचा लाकडी चौथरा, त्यावर एक तंबोरा, सरांची जागा आणि पेटी. पेटीमागे विलास खराडे आधीच येऊन बसला होता. त्याच्या मागे एक शिपाई काठी टेकून उभा होता.

विलासला मी कोर्टातून ओळखत होतो. जीपचा ड्रायव्हर. ज्या जीपमधून एका वाळू ठेकेदाराला उचलून नेलं आणि नदीकाठी दगडांनी ठेचून मारलं, ती जीप त्यानं चालवली होती. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. मुख्य आरोपी जालिंदर, ज्याला सगळे आबा म्हणत, याच तुरुंगात पलीकडच्या यार्डात होता. आबाच्या माणसांनी विलासच्या घरावर दोनदा दगड टाकले होते, त्याच्या मेव्हण्याचा पाय मोडला होता. मंगळवारी विलासची साक्ष होती. तोवर त्याला एकट्याला वेगळ्या कोठडीत ठेवलं होतं. आंघोळीलासुद्धा तो शिपायाबरोबर जायचा. चार माणसांत तो यायचा तो फक्त या वर्गापुरता. गावच्या भजनात वाढलेला असल्यानं पेटी त्याच्या बोटांत होती आणि सरांना लेहरा धरायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. जेलरसाहेबांकडून सरांनी त्याला अक्षरशः मागून घेतला होता.

"बरा आहेस का रे?" सरांनी खाली बसताना विचारलं.

"झोप न्हाई, सर. पण हितं बरं वाटतंय."

"मंगळवारनंतर झोप. आज काळी दोनची पट्टी धर."

"धरली. भाता जरा गळतोय, सांभाळून घेतो."

सरांनी लोंढ्यांकडून हातोडी घेतली, तबल्याचे गट्टे ठोकले, हातोडी परत दिली. लोंढे ती खिशात घालून चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्याशी उभे राहिले. मी उजव्या कोपऱ्यात खाली बसलो.

पहिल्या रविवारी वाद्यांची ओळख झाली होती. त्याचा किस्सा सरांनी मला सांगितला होता. सारंगीला आतड्याच्या तारा असतात म्हटल्यावर मागून एकानं विचारलं होतं, "कुणाच्या आतड्याच्या?" आणि शेड हसून लोटपोट झाली होती. दुसऱ्या रविवारी ताल झाला. आज जुन्या रचना आणि त्या बांधणारे उस्ताद.

"परत एकदा उजळणी," सर म्हणाले. "पेटीवर काय वाजतंय?"

"लेहरा!" शेड ओरडली.

"लेहरा म्हणजे? हां, तुम्ही सांगा."

पुढच्या ओळीतला एक म्हातारा उठला. "एकच बारकी चाल. सोळा मोजंस्तोवर चालती, पुन्ना पैल्यापास्नं. तबलेवाला कुटंबी भटकंना, चाल सांगती घर कुटं हाय."

"सर, घराचं नाव काडू नका," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

"घर म्हणजे सम. पहिली मात्रा. तिथं काय करायचं?"

दोनशे हात वर गेले आणि दोनशे गळ्यांतून "हां!" निघाला. पत्र्याचं छप्पर थरथरलं. तंबोऱ्याच्या तारा आपोआप झणकारल्या.

"आणि नवव्या मात्रेला? खाली. तिथं?"

दोनशे तळवे उघडे झाले. आवाज नाही. कुणी खोकलंही नाही.

"मागच्या वेळेपेक्षा बरे आहात," सर म्हणाले आणि वाजवू लागले.

मधे मधे थांबून सांगत होते, विलास हलक्या हातानं लेहरा चालू ठेवत होता. एक गत, म्हणजे तबल्यावरची बांधीव रचना, वाजवून सर म्हणाले, "पूर्वी उस्ताद लोक अशा गती कुणाला देत नसत. पोटच्या पोरालाही सगळ्या शिकवत नसत. पण मुलीच्या लग्नात जावयाला आंदण म्हणून द्यायचे. ही आंदणातली गत."

"माज्या सासऱ्यानं सायकल दिली हुती," मागून आवाज आला. "त्येच्यापायीच मी हितं हाय!"

"मारलास का सासऱ्याला?"

"न्हाई, सायकल इकली म्हनून मेव्हण्यांनी मला मारला. मग मी त्येंला."

लोंढेसुद्धा हसले. सरांनी डग्ग्यावर एक मींड काढली आणि म्हणाले, "आता ऐका. ही जुन्या दिल्लीवाल्यांची. शेवटी तिहाई आहे. एकच बोल तीनदा. तिसऱ्यांदा जो शेवटचा धा येईल, तो समेवर. मोजत राहा."

लय वाढली. सगळ्यांचे हात चालू होते, टाळी, टाळी, खाली, टाळी. मी सरांकडे बघत होतो. मध्येच त्यांनी मान वर करून लोंढ्यांकडे पाहिलं आणि हनुवटी समोरच्या ओळीकडे केली. लोंढ्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "क्या बात है!" सरांनी पुन्हा तेच केलं. लोंढे पुन्हा डोलले. सरांच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या लयीला त्यांना घाम येत नाही, हे मला ठाऊक होतं.

मग त्यांनी तिहाई उचलली, आणि ती चुकीच्या जागेवरून उचलली.

पहिल्या बोलालाच माझ्या लक्षात आलं. ही समेवर पोचणार नाही, अर्ध्यात पडणार, नवव्या मात्रेवर, खालीला. मला वाटलं माझंच मोजणं हुकलं. दुसरा बोल आला. नाही, सरांचंच हुकलंय. माझ्या चार वर्षांत सरांची तिहाई पडलेली मी ऐकली नव्हती. मी विलासकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. त्याचे डोळे सरांच्या बोटांवर होते, ओठ हलत होते. तिसरा बोल सुरू झाला आणि विलासनं लेहऱ्याची ओळ मधेच तोडली, दोन सूर गिळले, भाता दाबला आणि सरांचा शेवटचा धा पडला त्या क्षणी लेहऱ्याचा पहिला सूर जोरात लावला. खाली होती तिथं सम झाली. इतकी बेमालूम की मलाही क्षणभर वाटलं, हीच सम.

दोनशे माणसांनी पेटीच ऐकली. दोनशे हात वर गेले.

"हां!"

त्या आवाजात पुढच्या ओळीतून तिघं उठले.

पहिला चौथऱ्यावर एका झेपेत आला. त्याच्या हातात चमच्याचा दांडा होता, फरशीवर घासून टोक केलेला. त्यानं विलासचे केस धरून मान मागे ओढली आणि गळ्याच्या बाजूला तो खुपसला. विलास ओरडला नाही. पेटीचा भाता त्याच्या छातीखाली दाबला गेला आणि पेटीतून एक लांब बेसूर आवाज निघाला. दुसऱ्यानं तशाच घासलेल्या पात्यानं खालून वाकून त्याच्या पोटात वार केले, एक, मग पुन्हा, पुन्हा. तिसरा वळून शिपायावर गेला. शिपायाची काठी अजून बगलेत होती. तिसऱ्यानं त्याच्या तोंडावर डोकं आपटलं आणि शिपाई मागे कोसळला.

गुरव सरांनी डग्गा उचलला. तांब्याचा होता, जड. दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन त्यांनी तो पहिल्याच्या टाळक्यात घातला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. माणूस गुडघ्यावर आला, त्यांनी पुन्हा घातला, तोंडावर. दात चौथऱ्यावर पडले. तोपर्यंत दुसरा विलासच्या पोटातून हत्यार काढून पुन्हा उगारत होता. सरांनी डग्गा टाकला आणि त्याचं पातं उजव्या हातानं पकडलं. पकडून ठेवलं. त्यानं ओढलं तरी सोडलं नाही. त्यानं पिळून ओढलं तेव्हा सरांच्या बोटांतून रक्ताची धार तबल्याच्या पांढऱ्या पुडीवर उडाली.

"लोंढे!" सर ओरडले. "लोंढे!"

लोंढ्यांच्या हातात काठी नव्हती. त्यांनी खिशातली हातोडी काढून दुसऱ्याच्या कोपरावर हाणली. मी तिसऱ्याचे पाय धरले. त्यानं माझ्या तोंडावर लाथ घातली, नाक फुटलं, पण मी सोडले नाहीत.

तेवढ्यात धोक्याची घंटा सुरू झाली. यार्डातून आणखी शिपाई काठ्या घेऊन आत आले आणि त्यांनी कोण कोण आहे हे न बघता मारायला सुरुवात केली. मघाशी लेहऱ्याचा अर्थ सांगणारा म्हातारा डोकं हातांनी झाकून बसला होता. त्याच्या हातांवरच काठ्या पडल्या. पळायला जागा नव्हती. माणसं मागांच्या मधल्या फटींत घुसली, तिथून ओढून काढून मारली. सायकलवाला ओरडत होता, "आमी न्हाई, सायेब, आमी टाळी वाजवत हुतो!" एक काठी माझ्या खांद्यावर बसली, हाड मोडलं. मी "प्रेस! प्रेस!" म्हणून ओरडलो तेव्हा दुसरी काठी पाठीत बसली.

घंटा थांबली तेव्हा शेडमध्ये उभं असं कुणी नव्हतं, गणवेशवाले सोडून. सर विलासच्या बाजूला बसले होते. डाव्या तळव्यानं त्याच्या गळ्यावर दाबून धरलं होतं. उजवा हात मांडीवर होता, उघडा, आणि त्याची दोन बोटं भलत्याच दिशेला लोंबत होती.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये विलासला शस्त्रक्रियेला नेण्याआधी स्ट्रेचर व्हरांड्यात थांबलं होतं. आत टेबल रिकामं व्हायचं होतं. सरांच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. मी भिंतीला टेकून उभा होतो.

विलासनं डोळे उघडले. आवाज जेमतेम फुटत होता. "सर."

"बोलू नको."

"सांभाळली का?"

सर वाकले. "काय?"

"सम. तुमची... तिहाई पडत हुती. दोनशे मानसांत."

सरांनी डाव्या हातानं त्याच्या अंगावरची चादर वर ओढली.

"लोक हसले असते," विलास म्हणाला. "आमच्या भजनात... बुवा चुकला की पेटीवाला सांभाळतो. शिकवलंय तसं."

"सांभाळलीस," सर म्हणाले. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

विलासच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग त्याला आत नेलं. तो टेबलावरच गेला.

त्याची बायको शालन गावाहून पोचली तेव्हा पंचनामा चालू होता. ती रडली नाही. सरांच्या हाताकडे बघत बसली.

तिघांची कुंडली मी दुसऱ्या दिवशी पोलिसांकडून काढली. किरकोळ मारामारीच्या गुन्ह्यात मुद्दाम आत आलेले. आबाच्या केसशी कागदावर संबंध नाही, म्हणून त्यांना वर्गाला बसायची परवानगी मिळाली होती. तिन्ही रविवार हजर. दोनशे माणसांच्या आरोळीत कुणाला काही ऐकू जात नाही आणि सगळ्यांचे हात वर असतात, हे त्यांनी दुसऱ्या रविवारीच हेरलं होतं. माझी बातमी पहिल्या पानावर आली.

पण एक गोष्ट मला सुटत नव्हती. टाके घातल्यावर सरांना घरी आणलं, तेव्हा मी विचारलं.

"सर, तुमची तिहाई पडते कशी?"

काकूंनी चहा आणून ठेवला, त्या आत गेल्या, तेव्हा सर म्हणाले, "वाजवताना मी समोरच्यांचे हात बघतो, रेडेकर. चेहरे खोटं बोलतात. दुसऱ्या रविवारी ते तिघं दोन्ही हातांनी टाळी देत होते. या वेळी एकाच हातानं, मांडीवर. दुसरा हात सदऱ्याखाली. आणि नजर माझ्यावर नाही, विलासवर."

"मग थांबायचं."

"वादन थांबलं की काय होतं? टाळ्या. सगळे उठतात. त्यांना तेच हवं होतं." चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं उचलला, तसाच ठेवला. "लोंढ्यांना दोनदा खुणावलं. त्यांना वाटलं, मी दाद मागतोय."

"म्हणून तुम्ही तिहाई..."

"खालीच्या मात्रेवर आणली. मुद्दाम. खालीला आवाज करायचा नाही हे मीच शिकवलं होतं. माझा धा पडला असता आणि शेड गप्प राहिली असती. गोंधळून एकमेकांकडे बघत. त्या शांततेत ते तिघं उठले असते तर सगळ्यांना दिसले असते. नसते उठले, तर मी 'चुकलो, पुन्हा ऐका' म्हणून विलासला माझ्या मागे बसवलं असतं, लोंढ्यांना हाक मारली असती." त्यांनी टाके घातलेल्या हाताकडे पाहिलं. "सगळं मोजलं होतं. एवढंच मोजलं नव्हतं की तो मला चुकू देणार नाही."

मी त्यांचा कप बाजूला सरकवला.

"हे छापायचं नाही," ते म्हणाले.

मी छापलं नाही. आता सर नाहीत, शालनबाईही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

कोठडीतला मृत्यू असल्यानं दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली. प्रांतसाहेबांच्या कार्यालयात एक लांब टेबल, कोपऱ्यात कारकून. शालन भिंतीकडच्या बाकावर बसली होती, शेजारी पाय मोडलेला भाऊ. मी जखमी साक्षीदार म्हणून हजर होतो. कैद्यांचे जबाब आधीच झाले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकच सांगितलं होतं: पेटी अचानक बदलली, म्हणून आम्ही ओरडलो.

प्रांत तरुण होते, सभ्य. त्यांनी सरांना खुर्ची दिली.

"गुरवसाहेब, मला संगीतातलं काही कळत नाही. पण जबाबांत पुन्हा पुन्हा येतंय की मयतानं पेटीवरची चाल मध्येच बदलली, आणि त्यावर आरोळी झाली, आणि त्या आरोळीत हल्ला. मयत स्वतःच काही इशारा देत होता का? त्याचं कुणाशी आतून काही ठरलं होतं का?"

शालननं मान वर केली.

"नाही," सर म्हणाले.

"मग चाल का बदलली?"

सरांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. उजवा हात बँडेजमध्ये, गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताची बोटं त्यांनी टेबलावर ठेवली. "सोळा मोजा," ते म्हणाले, वर्गात म्हणायचे तसंच. बोटांनी ठेका धरला. "ही पहिली, ही सम. ही नववी, खाली. मी जे वाजवतो त्याचा शेवट पहिलीवर यायला हवा. नवव्यावर आला तर ती चूक. समजलं?"

"समजलं."

"त्या दिवशी माझा शेवट नवव्यावर आला."

"म्हणजे...?"

"मी चुकलो. माझं मोजणं हुकलं." टेबलावरची बोटं थांबली. "चांगला साथीदार अशा वेळी गुरूची अब्रू राखतो. विलास खराडेनं ती राखली. त्यानं जे केलं ते बरोबर होतं. चूक माझी."

कारकुनानं प्रांतांकडे पाहिलं. "साहेब, असंच लिहू?"

"असंच लिहा," सर म्हणाले. "तिहाई चुकली, असं लिहा. माझं पूर्ण नाव घाला."

मी खुर्चीवरून अर्धवट उठलो होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बसलो.

शालन बाकावरून उठून टेबलापाशी आली. "सर," ती म्हणाली, "म्हंजी त्येनी नीट वाजवलं ना शेवटाला?"

"माझ्यापेक्षा नीट," सर म्हणाले.

कारकुनानं जबाब टंकून आणला, वाचून दाखवला आणि खाली सहीच्या जागी फुली करून पेन पुढे केलं. सरांनी पेनाकडे पाहिलं, गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की त्यातली तीन बोटं आता वळणार नाहीत.

"शाईचा पॅड आहे का?" त्यांनी विचारलं, आणि डावा अंगठा पुढे केला.